जुने ट्रॅक कुठे जातात? रेसिंग सिम्युलेटरचा पन्नास वर्षांचा इतिहास

फ्रान्समधल्या रुआं शहराच्या दक्षिणेला, जंगलातून उतरत जाणारा एक रस्ता आहे. १९५२ ते १९६८ या काळात या रस्त्यावर पाच वेळा फॉर्म्युला वनची फ्रेंच ग्रां प्री झाली. एरवी तो साधा रहदारीचा रस्ता. शर्यतीच्या दिवसांत तो बंद करायचे आणि गाड्या झाडांच्या मधून सुसाट खाली यायच्या. उताराच्या तळाशी दगडी फरसबंदीचं एक अरुंद वळण होतं, त्याचं नाव 'नुव्हो माँद', म्हणजे 'नवं जग'. १९९४ मध्ये तिथल्या शर्यती थांबल्या. नंतर पिट आणि प्रेक्षकांचे स्टँडही पाडून टाकले. आज तुम्ही तिथे गेलात तर रस्ता सापडेल, पण सर्किट सापडणार नाही.

ते सर्किट चालवून बघायचं असेल तर १९९८ साली आलेला 'ग्रां प्री लेजंड्स' नावाचा कॉम्प्युटर गेम शोधावा लागतो.

रेसिंग गेम्सचा इतिहास बहुतेक वेळा चित्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी ठिपके होते, मग चौकोन आले, आणि आता स्क्रीनवरची गाडी फोटोसारखी दिसते. यात चूक काही नाही, पण त्यातली खरी गंमत निसटते. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी प्रत्येक पिढीत एकच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला: गाडी चालवण्यातलं 'खरं' नेमकं कशात असतं? या प्रश्नाची उत्तरं शोधता शोधता त्यांच्या हातून एक वेगळंच काम झालं. रस्ते, गाड्या, आणि त्या चालवण्याचं कसब यांचा एक दस्तऐवज तयार झाला. तो आज कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तुमच्या खिशापर्यंत येतो. तिथपर्यंत आपण टप्प्याटप्प्याने जाऊ.

आधी स्टिअरिंग, मग रस्ता

१९७४ मध्ये अटारीने 'ग्रान ट्रॅक १०' आणला. स्क्रीनवर वरून दिसणारा ट्रॅक, तोही ठिपक्यांचा. पण मशीनला खरंखुरं स्टिअरिंग होतं, गिअर होता, पायाशी पेडल्स होती. म्हणजे पहिलं उत्तर हातापायांनी दिलं: डोळ्यांना काही का दिसेना, शरीराला गाडीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे.

त्यानंतर लवकरच जर्मनीत राइनर फोर्स्ट नावाच्या इंजिनिअरने 'न्युर्बुर्गरिंग १' बनवला. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, नुसती सर्किट बोर्डं. काळ्या पडद्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खांब आपल्या अंगावर येतात, एवढंच दिसायचं. याच कल्पनेवरून अटारीने १९७६ मध्ये 'नाइट ड्रायव्हर' काढला. रात्रीची वेळ असल्याने खांबांखेरीज काही दाखवायची गरजच नाही! आपली गाडी तर पडद्यावर चिकटवलेलं प्लास्टिकचं चित्र होतं. गाडी जागची हलत नव्हती, रस्ता हलत होता. तरी मेंदू फसायचा. फोर्स्ट पुढे ड्रायव्हिंग शिकवणारे सिम्युलेटर बनवू लागले, म्हणजे खेळ आणि प्रशिक्षण यांचं नातं सुरुवातीपासूनचं आहे.

१९८२ च्या नामकोच्या 'पोल पोझिशन'मध्ये जपानचं फुजी सर्किट आलं आणि खेळाला पत्ता मिळाला. आता तुम्ही 'कुठल्यातरी' रस्त्यावर नव्हता. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'रेव्ह्ज' लिहिला. त्या मशीनची मेमरी होती ३२ किलोबाइट. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत क्रॅमंड यांनी सिल्व्हरस्टोन सर्किट बसवलं, चढउतारांसकट. फॉर्म्युला थ्री चालवणाऱ्या डेव्हिड हंट यांची मदत घेतली. गाडी गवतावर गेली की गिरकी घ्यायची. पहिल्यांदा खेळणाऱ्याला एक फेरीसुद्धा धड पूर्ण करता यायची नाही. खेळ अवघड होता, कारण मुळातली गोष्टच अवघड होती. क्रॅमंड यांचा हा हट्ट पुढे १९९१ च्या 'फॉर्म्युला वन ग्रां प्री'पासून २००२ च्या 'ग्रां प्री ४' पर्यंत टिकला.

टायरचं गणित

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, एवढ्यावरच सगळं उभं आहे.

गाडी आणि रस्ता यांची भेट चार ठिकाणी होते, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. गाडीचं सगळं वागणं या चार तळहातांवर ठरतं. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेला तो जात नाही. रबर थोडं पिळवटतं, आणि टायरचं तोंड व त्याची खरी वाट यांत काही अंशांचा फरक पडतो. याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी टायरची बाजूची पकडही वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. त्या टोकाच्या पुढे गेलात की पकड कमी होऊ लागते आणि गाडी घसरते. चांगला ड्रायव्हर म्हणजे या टोकावर राहणारा माणूस. अलीकडे राहिला तर हळू, पलीकडे गेला तर गवतात.

या वक्ररेषेचं गणित मांडलं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पासेयका यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर. १९८७ पासून प्रसिद्ध होत गेलेलं त्यांचं समीकरण 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून ओळखलं जातं. जादू अशी की ते भौतिकशास्त्राच्या मूळ नियमांमधून काढलेलं नाही. प्रयोगशाळेत टायर फिरवून जे आकडे मिळतात, त्यांवर हे समीकरण फार चपखल बसतं. का बसतं, ते विचारायचं नाही! कॉम्प्युटरला ते झटपट सोडवता येत असल्यामुळे वाहन उद्योगाबरोबर कित्येक गेम्सनीही ते उचललं. पुढे त्याची मर्यादाही दिसली. टायर तापला, झिजला की जुने आकडे लागू पडत नाहीत. म्हणून काहींनी दुसरा रस्ता धरला. टायरचा पृष्ठभाग म्हणजे खराट्याच्या असंख्य काड्या आहेत असं मानायचं आणि कुठली काडी रस्त्याला चिकटली, कुठली सुटली याचा हिशोब ठेवायचा. हा वाद अजून मिटलेला नाही. प्रत्येक नव्या सिम्युलेटरबरोबर 'टायर मॉडेल' बदलतं, त्याचं कारण हेच.

१९८९ हे या कथेतलं वळणाचं वर्ष. अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन'मध्ये त्रिमितीय रस्ता आला, पायाशी क्लच आला, आणि हाताला धक्के देणारं स्टिअरिंग आलं. त्याच्या गाडीचं गणित बसवायला डग मिलिकन यांनी मदत केली होती. वडील विल्यम मिलिकन यांच्यासह त्यांनी लिहिलेलं रेसिंग गाड्यांच्या गतिशास्त्रावरचं पुस्तक आजही इंजिनिअरिंगची मुलं अभ्यासतात. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हिड केमर आणि ओमार खुदारी यांच्या पेपायरस कंपनीने 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' काढला. ३३ गाड्या, हवं तर पूर्ण २०० फेऱ्या. टायरचं तापमान बघायचं, पंखांचा कोन बदलायचा, पुन्हा चालवून बघायचं. वेगाने पुढे जाण्याआधी बसून विचार करायला लावणारा गेम!

१९६७ चं वर्ष, डब्यात बंद

याच पेपायरसने १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' काढला. विषय निवडला १९६७ चा फॉर्म्युला वन हंगाम. त्यामागे पक्का विचार होता. १९६७ च्या गाड्यांना हवेच्या दाबाने रस्त्यावर चिकटवणारे पंख नव्हते. ताकद भरपूर आणि टायर अरुंद. म्हणजे गाडी सतत थोडी घसरत चालवायची, आणि ती तोलून धरायची ती फक्त हातापायांनी. टायरचं गणित खरं आहे की खोटं, हे तपासायला याहून चांगला हंगाम नव्हता.

त्यात जुनं न्युर्बुर्गरिंग आलं, सुमारे २२.८ किलोमीटरची एक फेरी. बेल्जियममधलं जुनं स्पा आलं, १४ किलोमीटरचं, घरांच्या आणि विजेच्या खांबांच्या शेजारून जाणारं. खरं तर १९६७ ची फ्रेंच शर्यत ल मांसच्या छोट्या बुगाती सर्किटवर झाली होती, पण ते सर्किट कुणाला फारसं आवडलं नव्हतं. म्हणून गेमवाल्यांनी त्याऐवजी रुआं घातलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. दस्तऐवज म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्यात निवड केलेली असते. आणि काही वेळा ती निवड बनवणाऱ्याच्या हातातही नसते. या गेममध्ये होंडाची गाडी 'मुरासामा' या नावाने आहे आणि कूपरची गाडी 'कॉव्हेंट्री' या नावाने. नाव वापरायचे हक्क नसले की इतिहासातली पाटीसुद्धा बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९६७ चा हंगाम जितका देखणा, तितकाच भीषण. त्या वर्षी मोनॅकोच्या शर्यतीत लोरेन्झो बांदिनी यांच्या गाडीने पेट घेतला आणि काही दिवसांनी ते गेले. पुढच्या वर्षी रुआंच्याच शर्यतीत जो श्लेसर गेले. गेममध्ये झाडाला धडकलात की एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. त्या माणसांना असं बटण नव्हतं. सिम्युलेटर धोक्याचं गणित दाखवतो, धोका दाखवत नाही. हा फरक विसरून या गेम्सना 'अगदी खरे' म्हणणं बरोबर नाही.

'ग्रां प्री लेजंड्स' फारसा खपला नाही. फारच अवघड होता. पण ज्यांना तो आवडला त्यांनी तो सोडला नाही. कंपनीने लक्ष काढून घेतल्यावर खेळणाऱ्यांनीच नव्या विंडोजवर चालण्यासाठी दुरुस्त्या केल्या, १९६५ आणि १९६९ चे हंगाम बनवले, आणखी कितीतरी जुने ट्रॅक तयार केले. जुने फोटो, नकाशे, फिल्म बघून, रात्री जागून, एक पैसाही न घेता. एखाद्या गावातली मंडळी पडक्या देवळाची डागडुजी वर्गणीतून करतात, तसंच हे.

पडद्यावरून पिटपर्यंत

दरम्यान जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रान तुरिस्मो' १९९७ च्या डिसेंबरात आला, आणि एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्याने सिम्युलेशन दिवाणखान्यात आणलं. स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची, लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या, ब्रेक कुठे मारायचा ते शिकायचं. अनेकांना ब्रेकिंग पॉइंट हा शब्द याच गेमने शिकवला.

मोटर रेसिंग हा पैसेवाल्यांचा खेळ. लहानपणी कार्टिंगपासून सुरुवात करायची तर घरात तेवढा पैसा पाहिजे. २००८ मध्ये सोनी आणि निसान यांनी 'जीटी अकादमी' सुरू केली आणि या भिंतीला एक खिडकी पडली. गेममधल्या वेगवान खेळाडूंना खऱ्या गाडीत बसवायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ पुढे २०११ मध्ये ल मांसला आपल्या वर्गात दुसरा आला. २०११ चा विजेता, कार्डिफमध्ये वाढलेला यान मार्डनबरो, २०१३ मध्ये ल मांसला आपल्या वर्गात तिसरा आला. २०२३ चा 'ग्रान तुरिस्मो' हा सिनेमा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. त्यात न्युर्बुर्गरिंगचा भयानक अपघात ल मांसच्या आधी दाखवलाय आणि ल मांसचं यश म्हणजे त्यातून उभं राहणं. प्रत्यक्षात तो अपघात मार्च २०१५ मधला, ल मांसच्या जवळजवळ दोन वर्षांनंतरचा, आणि त्यात एका प्रेक्षकाचा जीव गेला. कुणाचा तरी मृत्यू नायकाच्या प्रवासातली पायरी म्हणून मागेपुढे सरकवायचा का, हा प्रश्न सिनेमा बघताना मनात ठेवा.

२००४ मध्ये पेपायरस बंद झाली. डेव्हिड केमर यांनी त्याच वर्षी बॉस्टन रेड सॉक्सचे मालक जॉन हेन्री यांच्यासह नवी कंपनी काढली. २००८ मध्ये तिचा 'आयरेसिंग' सुरू झाला. यांचं उत्तर दुहेरी होतं. एक, ट्रॅक अंदाजाने काढायचा नाही. लेझरने मोजायचा, म्हणजे डांबरावरचा प्रत्येक उंचवटा जिथल्या तिथे. दोन, समोरची गाडी चालवणारा माणूस खरा हवा आणि बेफिकीरपणे धडका दिल्या तर त्याचं रेटिंग खाली यायला हवं. हे खरंच कामी आलं. शाळकरी वयात 'आयरेसिंग'वर तयार झालेल्या विल्यम बायरनने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकली.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळ्या शर्यती थांबल्या, तेव्हा नॅस्कारचे ड्रायव्हर घरच्या सिम्युलेटरवर धावले आणि ते टीव्हीवर थेट दिसलं. मग हळूहळू कळलं की परिणामही खरेच असतात. ऑनलाइन शर्यतीत माइक सुरू असताना वर्णद्वेषी शब्द वापरल्याबद्दल काइल लार्सन यांना टीमने काढून टाकलं. फॉर्म्युला ईच्या ऑनलाइन शर्यतीत आपल्या जागी दुसऱ्याला बसवल्याबद्दल डॅनियल आब्ट यांची आउडीतली जागा गेली. 'गेमच तर आहे' हे म्हणणं त्या वर्षी चाललं नाही.

गवत काढा, ट्रॅक मोजायचाय

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये नॉर्थ विल्क्सबोरो नावाचा एक जुना ट्रॅक आहे. १९९६ मध्ये तिथली नॅस्कारची मोठी शर्यत बंद झाली. नंतर अधूनमधून काही प्रयत्न झाले, पण ट्रॅक ओस पडला आणि डांबरातून गवत उगवलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअर काही माणसं घेऊन तिथे गेले आणि त्यांनी गवत, झुडपं साफ केली. ट्रॅक वाचवायचा हा हेतू नव्हता. तो नाहीसा होण्याआधी 'आयरेसिंग'ला लेझरने मोजता यावा, एवढीच इच्छा होती. जणू वाडा पाडण्याआधी काढलेला शेवटचा फोटो.

पण झालं उलटंच. २०२० मध्ये त्या डिजिटल ट्रॅकवरची शर्यत टीव्हीवर दिसली. लोकांना ट्रॅकची आठवण झाली. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी सरकारी निधी मिळाला, आणि मे २०२३ मध्ये नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत तिथे, खऱ्या डांबरावर झाली. हे सगळं एका गेममुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. स्थानिक लोकांची धडपड, राजकारण, पैसा, सगळं त्यात होतं. पण ठिणगी कुठून पडली हे विसरता येणार नाही. प्रतिकृतीने मूळ वस्तूला परत आणल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत.

किल्ली कुणाकडे?

आता खिशाचा प्रश्न. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा रेसिंग गेम. सिम्युलेटर नव्हे, पण त्याची गोष्ट सगळ्यांना लागू पडते. तो खेळायला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम कुणालाच चालवता येईना, एकट्यालासुद्धा नाही. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपियन नागरिकांच्या तिच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला: ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट न सांगता दुकानाने 'विकत घ्या' हा शब्द वापरायचा नाही.

रेसिंग गेम्सना ही भीती इतरांपेक्षा जास्त आहे. कारण त्यांत प्रत्येक गाडीचं नाव, प्रत्येक ट्रॅकचं नाव भाड्याने घेतलेलं असतं. करार संपला की गेम दुकानातून उतरतो. 'फोर्झा मोटरस्पोर्ट ७' २०२१ मध्ये गेला, 'प्रोजेक्ट कार्स'चे पहिले दोन भाग २०२२ मध्ये. आणि नॉर्थ विल्क्सबोरोचा तो सुंदर लेझर नकाशा? तोही 'आयरेसिंग'च्या सर्व्हरमागे आहे. ट्रॅकचे वेगळे पैसे भरलेत तरी वर्गणी थांबली की दार बंद.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. दिल्लीजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं फॉर्म्युला वन झाली. कोडमास्टर्सचा 'एफ वन २०११' सप्टेंबरमध्ये आला आणि खरी शर्यत ऑक्टोबरच्या शेवटी. म्हणजे जगभरातल्या पोरांनी भारतातला हा ट्रॅक खऱ्या शर्यतीच्या आधीच पाठ केला होता. २०१४ च्या हंगामात भारत नव्हता, म्हणून त्या वर्षीच्या गेममध्येही नव्हता. आज बुद्धवर फॉर्म्युला वनची गाडी पळवायची असेल तर जुनी डिस्क सांभाळलेली हवी, नाहीतर कुणीतरी हौसेने बनवलेलं मॉड. इटलीच्या कुनोसने २०१४ मध्ये पूर्ण केलेला 'असेटो कोर्सा' अजून इतका खेळला जातो, त्यामागचं मोठं कारणही हेच. त्याने मॉड बनवणाऱ्यांना दार उघडं ठेवलं. अर्थात मॉडच्या जगात सगळं पवित्र नाही. दुसऱ्या गेममधून उचललेल्या गाड्याही तिथे फिरतात, आणि त्या मूळ बनवणाऱ्याची मेहनत बुडते.

तरी ताळेबंद मांडला तर चित्र स्पष्ट आहे. १९९८ चा गेम आज चालतो, कारण तो लोकांच्या हातात होता. २०१४ चा गेम २०२४ मध्ये बंद पडला, कारण तो कंपनीच्या हातात होता. तंत्रज्ञान पुढे गेलं आणि टिकण्याची ताकद मागे आली.

तेव्हा पुढचा रेसिंग गेम घेताना टायर मॉडेल बघा, ग्राफिक्स बघा, पण दोन प्रश्न आणखी विचारा. इंटरनेट तोडलं तर हा चालेल का? आणि बनवणारी कंपनी उद्या बुडाली तर माझ्याकडे काय उरेल? दोन्हींचं उत्तर नकारार्थी असेल तर घेऊ नका असं मी म्हणत नाही. 'आयरेसिंग'सारखी गोष्ट दुसरीकडे मिळत नाही, खुशाल घ्या. फक्त आपण ट्रॅक विकत घेतोय की ट्रॅकवर तासाभराची फेरी विकत घेतोय, हे पैसे देताना माहीत असू द्या. आणि घरी जुन्या डिस्क पडल्या असतील तर आईबाबांच्या साफसफाईच्या आधी त्या बाजूला काढून ठेवा.